आधी लेकरू, मग कार्ड

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी द्वारकाने शेवटचा चहा गाळला. तिथूनच सगळं सुरू झालं, असं ती अजून सांगते. चहा गाळेपर्यंत सगळं नीट होतं.

खराडीतल्या त्या काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीत ती पाच वर्षं कामाला होती. ठेकेदाराची माणूस नव्हती, कंपनीच्या पगारावर होती, आणि त्याचा तिला मान होता. कोणाला बिनसाखरेचा चहा, कोणाला आलं जास्त, कोण कप तसाच ठेवून देतो, सगळं तिला तोंडपाठ. आल्याचा वास तिच्या हातांना इतका बसला होता की घरी दोनदा साबण लावला तरी जात नसे. नवरा वैजनाथ म्हणायचा, "तू दारात आलीस की मला आधी चहा येतो, मग तू."

कंपनीच्या पगारावर असल्यामुळे तिच्या लेकीला, सोनूला, खालच्या मजल्यावरच्या पाळणाघरात जागा मिळाली होती. मोठमोठ्या मॅडमची मुलं तिथे असायची, त्यांच्यातच सोनू. द्वारकाला आधी फार बरं वाटलं. रंगीत भिंती, गारेगार हवा, दुधाला वेळ, झोपेला वेळ. चंदननगरच्या आपल्या पत्र्याच्या खोलीत काय होतं?

पण एकदा रविवारी सोनू उंबऱ्याला ठेचकाळून पडली. कपाळाला टेंगूळ आलं. द्वारका धावली, उचलायला हात पुढे केले, तर पोरीने तिचे हात झिडकारले आणि रडत राहिली, "विमला… विमला पायजे…" विमलाबाई म्हणजे पाळणाघरातली मुलं सांभाळणारी बाई. बिचारी चांगली होती, तिचा काही दोष नव्हता. पण ती हाक काही द्वारकाच्या कानातून गेली नाही.

"सोडते मी नोकरी," ती वैजनाथला म्हणाली. "अजून वर्षभराने ही मला ओळखायची नाही."

वैजनाथ टेम्पो चालवायचा, लोणी काळभोरहून भाजी आणायचा. कमाई बेताची. तरी तो लगेच म्हणाला, "सोड. पोरगी आपली आहे, कंपनीची नाही."

राजीनामा मोबाईलमध्येच द्यायचा होता. एक बटण दाबलं, झालं. कोणी का म्हणून विचारलं नाही, कोणी थांब म्हटलं नाही. दुसऱ्याचा निरोप समारंभ असला की केकची सुरी धुऊन पुसून नेऊन देणारी द्वारकाच असायची. तिच्या शेवटच्या दिवशी मात्र मजल्यावर कोणाला काही माहीतही नव्हतं. तिने चहा गाळला, कप भरले, आणि जागच्या जागी नेऊन ठेवले. सगळ्यांचं लक्ष आपापल्या स्क्रीनकडे.

कंपनीतल्या माणसांचं, म्हणजे एचआरचं बघणाऱ्या तेजस्विनी मॅडम तेवढ्या बोलल्या, त्याही मान वर न करता. "द्वारका, तुझं एक्झिट आज ना? पाचच्या आत करून घे हं. नंतर मशीन बंद होतं."

"काय काय करायचं असतं मॅडम?"

"सगळं मशीन सांगतं गं. माणूस लागतच नाही."

"आणि सोनूला आधी घेऊ का खालून?"

"पाळणाघर पाचनंतर सोडतं ना मुलं? मग आधी मशीन. सोपं आहे." मॅडमनी चहाचा घोट घेतला. "आलं छान आहे आज."

द्वारकाने एप्रन काढून दिला. त्या एप्रनचा खिसा मध्यंतरी उसवला होता, तिने तो घरी लाल दोऱ्याने शिवला होता, कारण पांढरा दोरा संपला होता. एप्रन स्टोअरच्या खणात टाकताना तिने त्या लाल टाक्यांवरून उगाच एकदा बोट फिरवलं. मग ती खाली गेली.

ते मशीन तळमजल्याला मागच्या बाजूला होतं. एटीएमची असते तशी काचेची खोली. दार आपोआप उघडलं, आपोआप मिटलं, आणि बाहेरचा आवाज कापल्यासारखा बंद झाला. आत फक्त एसीची घरघर आणि लिंबाच्या अत्तरासारखा एक वास. इतका गोड की दात आंबावेत.

"नमस्कार, द्वारका वैजनाथ सुरवसे," एका बाईचा आवाज आला. शुद्ध मराठी, मऊ. "आपण जात आहात याचं आम्हाला वाईट वाटतं. जाण्याचं कारण निवडा."

स्क्रीनवर कारणं आली. चांगली संधी. शिक्षण. प्रकृती. स्थलांतर. लेकरासाठी, असं कुठेच नव्हतं. द्वारकाने वर-खाली दोनदा बघितलं आणि 'इतर' दाबलं.

"कॅमेऱ्याकडे बघा. थोडं हसा."

ती हसली. यंत्राने सांगितलं तरी माणूस हसतोच.

"अंगठा ठेवा."

तिने ठेवला. काच कोमट होती, कोणी आत्ताच हात काढला असावा तशी.

"आता समोरचं वाक्य मोठ्याने वाचा."

सातवीपर्यंत शिकलेली होती, वाचायला येत होतं. अडखळत तिने वाचलं, "मी, द्वारका वैजनाथ सुरवसे, माझ्या खुशीने जात आहे आणि माझ्याकडे असलेलं सर्व कंपनीला परत करीत आहे."

"पुन्हा वाचा."

तिने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी तिला वाटलं, की आपल्याबरोबर कोणीतरी हळूच वाचतंय, एक शब्द मागून. ती थांबली. आवाजही थांबला.

"कार्ड खाचेत सरकवा."

गळ्यातलं कार्ड तिने काढलं. त्याच्यावरचा फोटो लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला, गाल भरलेले. खाचेने ते हातातून ओढूनच घेतलं.

"आपलं काही कंपनीच्या आवारात राहिलं आहे का?"

हो. नाही.

द्वारका घाईत होती. तिला आठवला तो डबा, तो पिशवीत होता. चप्पल पायात होती. छत्री घरी. तिने 'नाही' दाबलं.

बोट उचलायच्या आत तिला आठवलं. अगं, सोनू आहे की आत. पण पोरगी म्हणजे काय सामान आहे का, असं तिने स्वतःलाच समजावलं.

"आपलं काहीही राहिलेलं नाही," आवाज म्हणाला. "धन्यवाद, द्वारका."

हा शेवटचा धन्यवाद त्या मऊ आवाजात नव्हता. थोडा बसका, नाकातून येणारा, गावाकडचा हेल असलेला. तो द्वारकाचा आवाज होता.

दार उघडलं आणि ती जवळजवळ पळतच बाहेर आली. पण बाहेर म्हणजे मागच्या गल्लीत. आत परत जायला दार नव्हतं, नुसती काच. इमारतीला पूर्ण वळसा घालून ती पुढच्या गेटला आली.

गेटवर उत्तरेश्वर होता, सिक्युरिटीचा. धाराशिवकडचा माणूस, तोंडाने फटकळ. रोज सकाळी द्वारकाला म्हणायचा, "काय द्वारकाबाई, आज चहा मिळणार का नुसता वासच?" त्याला बघून तिच्या जिवात जीव आला.

"दादा, जरा सोडा आत. सोनूला घ्यायचंय."

उत्तरेश्वरने तिच्याकडे बघितलं. "कुणाला भेटायचंय?"

"सोनूला हो. पाळणाघरातून."

"पास?"

"कार्ड आत्ताच दिलं मशीनला. आज शेवटचा दिवस ना माझा."

"नाव?"

द्वारका हसली. त्याची थट्टाच वाटली तिला. "पुरे झालं दादा. पोरगी वाट बघत असेल."

"बाई, मी ड्यूटीवर थट्टा करत नसतो. थट्टा करायचा पगार वेगळा लागतो. नाव सांगा."

हे बोलणं त्याचंच होतं, अगदी त्याच्याच चालीचं. पण डोळ्यांत ओळख नव्हती. अनोळखी बाईकडे बघावं तसं तो बघत होता, सभ्यपणे, थोडं कंटाळून. हे कळलं तेव्हा द्वारकाने गेटची दांडी धरली.

"द्वारका… द्वारका सुरवसे. सहावा मजला. दादा, मी रोज तुम्हाला चहा देते…"

त्याने समोरच्या स्क्रीनवर नाव टाकलं. मग स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिचाच फोटो होता. पण गाल भरलेला जुना नव्हे, मघाशी मशीनने काढलेला. हसरा. खाली हिरवा ठिपका.

"द्वारका सुरवसे आत हायेत," उत्तरेश्वर म्हणाला. "हजेरी चालू हाय. साडेपाचला सुटतील. तुम्ही कोण त्यांच्या?"

द्वारका त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिली.

त्याने तिला नीट न्याहाळलं आणि स्वतःच उत्तर काढलं. "बहीण दिसता. तोंडवळा सारखाच हाय. बसा तिकडं, सावलीला."

गेटच्या डाव्या अंगाला लोखंडी जाळी होती आणि जाळीपलीकडे पाळणाघराची मोठी काच. द्वारका जाळीला चिकटली. उन्हं कलली होती, काचेवर लख्ख उजेड होता, तरी डोळ्यांवर हात धरला की आतलं दिसायचं. सोनू दिसली. पिवळा फ्रॉक, पाठीवर तिची छोटी पिशवी. दाराकडे तोंड करून उभी होती, न्यायला येतात तेव्हा उभी राहायची तशी.

"सोनू… ए सोनू…"

काचेतून आवाज कुठला जाणार. रस्त्यावर नेहमीसारखी गर्दी होती, रिक्षा, बस, भेळवाला. इतका सगळा दिवसाउजेडी संसार चालू होता, आणि ती एकटी जाळीला धरून उभी होती.

मग पाळणाघराचं आतलं दार उघडलं. ते दार आईचा चेहरा आणि आईचं कार्ड दोन्ही दिसल्याशिवाय उघडत नाही, असा तिथला कडक नियम. सोनूचं तोंड एकदम खुललं. इतकी खुललेली द्वारकाने तिला कधी पाहिली नव्हती. पोरगी दोन्ही हात वर करून धावली.

दारात एक बाई पाठमोरी वाकली होती. डोक्याला पॅन्ट्रीतली पांढरी टोपी, कमरेला एप्रनची गाठ. तिने सोनूच्या चपला सरळ केल्या, डावी आधी, मग उजवी. द्वारका करायची तसंच. मग ती थोडी वळली. चेहरा काही दिसला नाही, काचेवर नेमका उन्हाचा तिरका पट्टा होता. पण एप्रनचा खिसा दिसला.

खिशाला लाल टाके होते.

द्वारकाने विमलाबाईंना फोन लावला. घाईत दोनदा दुसऱ्यालाच लागला.

"हां, बोला," विमलाबाई म्हणाल्या. मागे मुलांचा गलका.

"विमलाबाई, सोनूला कोणाबरोबर सोडलं तुम्ही… कोण आहे ती…"

"कोण बोलतंय?"

"मी… सोनूची आई."

विमलाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, सोनूची आई माझ्या समोर उभी आहे. आपण कोण?" आणि फोन कानापासून लांब गेला, पण बंद व्हायच्या आधी द्वारकाने ऐकलं. पलीकडे कोणीतरी नाकातल्या आवाजात विचारत होतं, "कोणाचा फोन हो?"

द्वारकाचा फोन गेल्यावर वैजनाथ टेम्पो तसाच रस्त्यात लावून आला. आल्या आल्या उत्तरेश्वरशी भांडला. "माझी पोरगी आत आहे. माझी बायको ही इथं उभी आहे. कळतंय का तुम्हाला?"

"साहेब, ओरडू नका. तुमच्या मिसेस आत हायेत. हे बघा, हिरवं हाय."

"अहो, मग ही कोण?"

उत्तरेश्वर शांतपणे म्हणाला, "ते मला काय विचारता? तुम्हीच आणलंय त्यांना."

वैजनाथने वळून द्वारकाकडे पाहिलं. एकदा पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. ते दुसऱ्यांदा बघणं द्वारका अजून विसरली नाही. ती मनातल्या मनात म्हणत होती, तू तरी नको रे… तू तरी नको.

"थांबू," तो शेवटी म्हणाला. "साडेपाचला सुटतात ना. थांबू."

दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. तरी द्वारकाने तेजस्विनी मॅडमना फोन लावला. त्यांनी बऱ्याच वेळाने उचलला.

"मॅडम, मी द्वारका. ते मशीनमध्ये काहीतरी चुकलंय, माझं 'नाही' दाबलं गेलं, ते परत करता येईल का…"

"कोण बोलतंय? हे बघा, मस्करी नको. द्वारका आत्ताच चहा ठेवून गेली माझ्या टेबलावर."

सुटायची वेळ झाली. काचेच्या दारांतून माणसांचा लोंढा यायला लागला. गळ्यात कार्डं, कानात वायरी, नजर मोबाईलमध्ये. गेटच्या लोखंडी दांड्या फिरत होत्या. एक माणूस, एक टिंग, एक हिरवा दिवा. माणूस, टिंग, दिवा. द्वारकाने वैजनाथचं मनगट धरलं होतं, ते तिने किती घट्ट धरलं होतं हे नंतर वळ बघून कळलं.

गर्दी विरळ झाली. आणि मग सोनू आली.

एकटीच चालत येत होती. पण तिचा उजवा हात वर होता, खांद्याच्याही वर. मुठीत कोणाचं तरी बोट धरावं तसा. मान वर करून ती कोणाशी तरी बोलत होती, हसत होती, आणि ऐकताना थांबत होती.

वैजनाथ एक पाऊल पुढे झाला.

दांडी फिरली. समोर कोणी नव्हतं तरी फिरली. टिंग. हिरवा दिवा. सोनू दांडीखालून वाकून आली, हात तसाच वर.

उत्तरेश्वर उठून उभा राहिला, रोजच्यासारखा. सोनूच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाला, "काय द्वारकाबाई, सुटलात एकदाच्या? उद्या चहा मिळणार का नुसता वासच?" आणि थोडं थांबून, उत्तर ऐकून हसावं तसा हसला. "तुमची बहीण कधीची वाट बघतीय."

कंपनीची गुळगुळीत फरशी संपते आणि रस्त्याचं डांबर लागतं तिथे सोनू थबकली. तिचा हात हळूच खाली आला. कोणी सोडला तसा. ती गर्रकन मागे वळली आणि आत धावायला लागली, "आई… आई…" वैजनाथने झडप घालून तिला उचललं. पोरगी त्याच्या खांद्यावरून गेटकडे हात करून इतकी रडली की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

मागे दांडी पुन्हा फिरली. आतल्या बाजूला. टिंग.

घरी आल्यावर द्वारकाने सोनूला मांडीवर घेतलं. हुंदके देऊन पोरगी थकली होती. तिने सोनूची मूठ उघडून नाकाशी नेली. आल्याचा वास होता. ताज्या ठेचलेल्या आल्याचा. मग द्वारकाने स्वतःचे हात हुंगले. पाच वर्षं कशानेच न गेलेला वास… तिच्या हातांना आता कसलाच वास नव्हता.

सोनूने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. रडली नाही, झिडकारलंही नाही. शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "मावशी, आई कधी येणार?"

याला आता बरेच दिवस झाले. वैजनाथ पोलीस चौकीत जाऊन आला. हवालदारांनी सगळं ऐकून विचारलं, पोरगी घरी आहे ना, बायको घरी आहे ना, मग तक्रार कशाची? खरंच, कशाची? कंपनीला फोन लावला की तो मऊ आवाज म्हणतो, "हा क्रमांक आमच्या कर्मचाऱ्याचा नाही." द्वारका गेटवर जाऊन उभी राहते, तर उत्तरेश्वर खुर्ची देतो आणि म्हणतो, "ताई कामात हायेत, निरोप असंल तर सांगा."

सोनू घरात नीट राहते. मावशीचं ऐकते, मावशीकडून वेणी घालून घेते. फक्त जेवत नाही. दोन घास, की पुरे. पूर्वी आपण काय करून भरवायचो, ते द्वारकाला आता आठवतच नाही. आणि रोज सकाळी, द्वारका पूर्वी ज्या वेळेला कामाला निघायची, त्या वेळेला पोरगी दारात जाऊन उभी राहते. उजवा हात वर करते. मूठ हळूहळू मिटते, आणि मिटलेली मूठ थोडी मागेपुढे हलते, कोणी बोट धरून लाडाने हलवावं तशी. चंदननगरच्या त्या गल्लीत फरशी नाही, मशीन नाही, काही नाही. तरी.

म्हणून द्वारका भेटेल त्या बाईला हे सांगते, आणि तुम्हीही सांगा. तुमच्या ओळखीतली कोणी अशी नोकरी सोडत असेल, तर तिला म्हणावं, आधी लेकरू काखेत घे, मग कार्ड दे. आणि तुझं काही राहिलंय का असं मशीनने विचारलं, तर घाई करू नकोस. जरा आठव.

आणि तुमच्यापैकी कोणी त्या इमारतीत कामाला असेल, तर सहाव्या मजल्याच्या पॅन्ट्रीत एकदा जा. चहा देणाऱ्या बाईच्या एप्रनचा खिसा बघा. लाल दोरा दिसला तर तिच्याशी भांडू नका, तिला काही विचारू नका. एवढाच निरोप द्या, द्वारकाने हात जोडून सांगितलाय.

म्हणावं, सोनू जेवत नाही. काय करून भरवतेस, तेवढं सांग.